चाळीस बाय साठ

"हा इकडला हद्दीचा गोटा अन् तो बाभळीजवळचा. मधातलं सारं तुमचं," महादेवराव छत्रीचं टोक रोखून म्हणाले. "पण बाई, एकतीस तारीख म्हंजे एकतीस तारीख. एक जूनले मी कोणाचंच आयकणार नाही."

वच्छलानं पदर डोक्यावरून पुढे ओढला. गोपिका मात्र हसली.

"देऊन टाकू नं भाऊ. आपण काय गाव सोडून चाललो?"

'आपण' हा शब्द वच्छलाला खड्यासारखा टोचला. प्लॉट दोघींच्या नावानं होता, पण द्यायचे राहिले होते ते गोपिकाचे. वच्छलाच्या वाट्याचे अडीच हजार मार्चमध्येच पुरे झाले होते. गोपिकाचे नऊशे आले होते. उरलेले सोळाशे गेलं वर्षभर 'येत' होते.

मे महिन्यातलं अकराचं ऊन. नागपूरच्या वेशीबाहेरचं बेसा तेव्हा साधं खेडं होतं. गावाच्या अलीकडे, कापूस उपटलेल्या रानात सोसायटीनं चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. महादेवराव त्या सोसायटीचे सेक्रेटरी, पोस्टातून रिटायर झालेले. माणूस वाईट नव्हता. चाळीस सभासदांच्या मागे दोन वर्षं फिरून त्यांच्या आवाजाला धार आली होती, एवढंच.

"तिघं जण लायनीत उभे हायेत. रोख घेऊन," जाता जाता ते म्हणाले. "मले वाईट वाटते बाई, पण कमिटी काही मायी एकट्याची नाही."

ते बांधावरून दूर गेल्यावर वच्छलानं विचारलं, "गोपे, खरं सांग. हायेत का पैसे?"

"पगार झाला का देतो."

"पगार सात तारखेले होते."

"मंग डॉक्टरसायबाले उचल मागतो. तू काहून एवढं मनाले लावून घेतं वं?" गोपिकानं काळा चष्मा डोळ्यांवर चढवला, लुनाचं पायडल दोनदा मारलं आणि इंजिन सुरू झाल्यावर मोठ्यानं ओरडली, "दोनची ड्यूटी हाये मायी! भेटू!"

धुळीचा लोट खाली बसेपर्यंत वच्छला सायकल धरून उभी राहिली. गेल्या दोन वर्षांत ती पाच वेळा इथं आली होती. प्रत्येक वेळी ती मनातल्या मनात स्वयंपाकघराची खिडकी कुठे ठेवायची ते ठरवायची. आज तिला खिडकी आठवली नाही. सोळाशे आठवले.

तेरा वर्षांपूर्वी, सहासष्ट साली, दोघी नागपूरच्या मेडिकल कॉलेजात नर्सिंगच्या ट्रेनिंगला हॉस्टेलच्या एकाच खोलीत आल्या. वच्छला रामटेके इंदोऱ्याची, गिरणीतल्या कामगाराची मुलगी. गोपिका भोयर मौद्याकडची, बटईनं दुसऱ्याची शेती करणाऱ्या घरातली चौथी पोरगी. ती आली तेव्हा तिच्या पेटीत दोन लुगडी होती आणि त्यातलं एक मावशीचं होतं.

विद्यावेतन पंच्याहत्तर रुपये. आंघोळीच्या साबणाची एकच वडी दोघी दोऱ्यानं मधोमध कापायच्या. बाहेर जायची बरी चप्पल दोघींत एक होती. ज्या दिवशी जिला काम असेल, तिनं ती घालायची. रविवारी पायी बर्डीच्या बाजारात जायचं, एक आलूबोंडा घ्यायचा, अर्धा अर्धा खायचा आणि वर रस्सा दोनदा मागून घ्यायचा. दुकानदार कुरकुरायचा. गोपिका त्याला म्हणायची, "भाऊ, उद्या सुई टोचाले आमच्याकडेच येशीन नं?" मग तो हसून तिसऱ्यांदाही वाढायचा.

एका दुपारी सुट्टी होती. दवाखान्यामागच्या लिंबाखाली पडल्या पडल्या गोपिकानं विचारलं, "वच्छे, लगन नाही झालं तं तू कुठी राह्यशीन वं?"

"हॉस्टेलात."

"अन् रिटायर झाल्यावर?"

वच्छलानं एवढा लांबचा विचार केला नव्हता. गोपिका उठून बसली. तिनं केसांतली पिन काढली आणि मातीत रेघा ओढल्या. इकडे दोन खोल्या वच्छलाच्या, तिकडे दोन स्वतःच्या, मधात विहीर. विहिरीवर दोघींचा एकच रहाट. "भांडण झालं तरी पाण्याले तं यावंच लागीन," ती म्हणाली.

दुसऱ्याच महिन्यापासून दोघी पोस्टात दहा दहा रुपये टाकू लागल्या. तीन वर्षांत एक महिना चुकला नाही. पंच्याहत्तरातून दहा उरतात यात त्यांना तेव्हा काही विशेष वाटलं नाही. खर्चच नव्हता तर उरणार नाही तर काय!

पुढे दोघी तिथंच स्टाफ नर्स झाल्या. पगार दोनशेच्या वर गेला. पहिल्या पगारात दोघींनी दोन साबण घेतले, दोन चपला घेतल्या आणि दोन आलूबोंडे खाल्ले. इतपत ठीकच होतं. एकाहत्तर साली रामदासपेठेतल्या एका सर्जनच्या दवाखान्यात जागा निघाली. गोपिकाचा हात हलका होता, जीभ गोड होती. डॉक्टरांनी तिला सरकारी पगाराच्या दीडपट देऊन नेलं.

"आता आपला प्लॉट दोन वर्षांत होते पाह्य," हॉस्टेलची खोली सोडताना ती म्हणाली होती.

पहिल्यांदा तिनं घड्याळ घेतलं. नाडी मोजायला घड्याळ लागतंच. मग पाच-सहा साड्या घेतल्या, कारण तिथं पेशंट बंगल्यांतले येत. मग धंतोलीत स्वतंत्र खोली घेतली, कारण रात्रपाळीनंतर दिवसा झोप हवी. खोली तापायची म्हणून पंखा. एकटीला करमत नाही म्हणून रेडिओ. कपडे पेटीत चुरगळतात म्हणून लोखंडी कपाट. रिक्षावाले उद्धट बोलतात म्हणून लुना. प्रत्येक वस्तूला कारण होतं आणि प्रत्येक कारण खरं होतं. वच्छलानं किती वेळा भांडण काढायचं ठरवलं, पण कुठल्या वस्तूपासून सुरुवात करावी तेच तिला कळायचं नाही.

पोस्टातले दहा रुपये मात्र दहाच राहिले. मग ते कधी कधी राहू लागले. "पुढच्या महिन्यात वीस टाकतो," गोपिका म्हणायची. सत्त्याहत्तर साली सोसायटी निघाली. वच्छलानं आग्रह धरून दोघींच्या नावानं प्लॉट घेतला. चाळीस बाय साठ, दोन रुपये फुटाच्या भावानं, वर थोडा कागदपत्रांचा खर्च. भरायला दोन वर्षं होती. तेव्हा गोपिकाचा पगार ट्रेनिंगच्या पैशांच्या जवळजवळ दहापट झाला होता, आणि महिन्याच्या वीस तारखेला ती वच्छलाकडे बसभाड्यापुरते पैसे मागायला यायची. लुना असताना! "पेट्रोल संपलं नं वं," म्हणायची.

बेसाहून परतल्यावर वच्छलानं चार दिवस वाट पाहिली. निरोप आला नाही. पाचव्या दिवशी ती भावाकडे गेली.

मनोहर तिच्याहून आठ वर्षांनी लहान. पॉलिटेक्निकची फी तिनं भरली होती, सायकल तिनं घेऊन दिली होती. आता तो कारखान्यात लागला होता. गेल्या दिवाळीत त्याचं लग्न झालं, तेही तिच्याच हातानं. दारातूनच तिला गाण्याचा आवाज आला. टेबलावर नवा कोरा टेपरेकॉर्डर होता आणि त्यावर विणलेला रुमाल घातला होता.

"ताई! ये नं, बस. आवाज पाह्य कसा हाये. जपानी हाये."

ती बसली. पाणी प्यायली. मग म्हणाली, "मनोहर, मले सोळाशे पायजेत. नाही जमत तं हजार दे. एकतीसच्या आत."

त्यानं आवाज बारीक केला. "ताई, हे तू पंधरा दिवस आधी सांगतली असती तं..." त्यानं टेपरेकॉर्डरकडे पाहिलं आणि नजर वळवली. "पुढच्या महिन्यात पक्कं. ओव्हरटाईम भेटून राहिला मले."

"पुढच्या महिन्यात प्लॉट राह्यणार नाही गा."

"दुसरा घेऊ नं. बेस्यात काय जागेचा तोटा हाये?"

वच्छलानं त्याच्या बायकोनं आणलेला चहा घेतला आणि निघाली. रस्त्यात तिला स्वतःचाच राग आला. मागताना तिचा आवाज उधारी मागणाऱ्यासारखा निघाला होता. त्याच्या दारात, त्याच्या नव्या वस्तूसमोर, आपण शिकवलेल्या पोरापुढे!

एकोणतीस तारखेला दुपारी ती गोपिकाच्या खोलीवर पोचली. गोपिका नुकतीच ड्यूटीवरून आली होती. पंखा फिरत होता. तिनं पाणी दिलं, बिस्किटं काढली, आणि वच्छला काही विचारायच्या आधीच म्हणाली, "डॉक्टरसायेब नाही म्हणतात. आधीचीच उचल कटून राहिली पगारातून."

"आधीची? ती कायची?"

"लुनाची."

वच्छलानं ग्लास खाली ठेवला. "मंग लुना विक."

"विचारून पाह्यलं नं विकाले. घेतली तवा नवी होती. आता अर्धेही देत नाही कोणी. अन् पायी जाऊ काय मी ड्यूटीवर?"

"पायीच जात होतो नं आपण! मेडिकलपासून बर्डीपर्यंत पायी! तवा मेलो काय?"

"ओरडू नको वं. शेजारी आयकतात."

"आयकू दे! दोन वर्सं तोंड दाबून बसली मी. त्या महादेवरावापुढे मीच मान खाली घालतो, तू हसतं. पंच्याहत्तर रुपयांत दहा टाकत होतीस गोपे, अन् आता सातशे रुपयांत तुयाजवळ बसच्या भाड्याले पैसे नाही राहात! जातात कुठी?"

गोपिका पलंगावर बसली. घामानं तिचं कुंकू उतरलं होतं.

"तूच सांग नं," ती म्हणाली. "पाह्य खोलीत. यातली कोणती वस्तू फालतू हाये? पंखा? कपाट? सांग, आत्ता विकतो."

वच्छलानं पाहिलं. पंखा, कपाट, रेडिओ, दोन खुर्च्या, खिडकीला फुलांचा पडदा. कशावरच बोट ठेवता येईना.

"पैसे नव्हते तवा बर्डीवरचे दुकानं मले दिसतच नव्हते वं," गोपिका हळू बोलली. "सरळ रस्ता दिसे. आता सारंच दिसते. एक वस्तू आणली का दुसरी दिसते. पगार वाढला का वाटते, आता सुटली मी. महिनाभरात पुन्हा तसंच. मायी माय मेली तवा अंगावर टाकाले नवं लुगडं नव्हतं घरात, तुले माहीत हाये. मी कपाट उघडून नुसती पाह्यत बसतो कधी कधी. घालत पण नाही साऱ्या साड्या."

"मंग मी काय करू? मायं घर चाललं तुया कपाटात!"

हे ऐकून गोपिकाची मान वर आली. "अन् तुयं? तुया नाही वाढला पगार? तुयाजवळ काढ नं सोळाशे! मी मायासाठी घेऊन राहिली, तू मनोहरसाठी घेऊन राहिली. त्याच्या लग्नात बँड कोणी लावला? दोनशे लोकायले जेवण कोणी घातलं? तवा नाही आठवला प्लॉट?"

वच्छला उठली. तिनं चपला पायात सरकवल्या. बँड तिनंच लावला होता. मनोहर नको म्हणत होता, आणि तीच म्हणाली होती, आता पगार आहे, आता कशाला कमी करायचं? ते शब्द तिला आता जसेच्या तसे ऐकू आले. जिन्यावरून उतरताना वरून गोपिकाचा आवाज आला, "वच्छे, बिस्किटं तरी खाऊन जाय!" तिनं मागे पाहिलं नाही.

एकतीस तारखेला सकाळी आठला ती महादेवरावांच्या घरी जाऊन बसली. पुढच्या खोलीत सोसायटीचं टेबल होतं, भिंतीवर लेआउटचा निळा नकाशा. बारापर्यंत गोपिका येईल, असं तिला कुठेतरी अजून वाटत होतं. महादेवरावांच्या घरातून तीनदा पाणी आलं, एकदा पन्हं आलं. बारा वाजले, साडेबारा झाले. लायनीतला एक माणूस येऊन नकाशावर त्यांचा प्लॉट बोटानं मोजून गेला.

"बाई, किती बसान?" महादेवराव शेवटी म्हणाले. "तुमचे अडीच हजार वापस भेटतीन. पै कटणार नाही, माया शब्द."

"पैसे नको मले," वच्छला म्हणाली. "जागा द्या."

"अडीच हजारात पूरा प्लॉट नाही येत. अन् अर्धा प्लॉट आमच्या कायद्यात नाही."

ती उठून नकाशाजवळ गेली. तेरा वर्षं वॉर्डात औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचणारी तिची नजर. नकाशाच्या अगदी कडेला, नाल्याच्या वाकड्या रेघेला लागून, एक तिकोनी तुकडा तिला दिसला. त्यावर नंबर नव्हता.

"हे काय हाये?"

"ते उरलेलं हाये बाई. तुकडा. अकराशे-बाराशे फूट असन. कोणी घेत नाही. पावसाळ्यात नाल्याचं पाणी येते तिथं."

"किती येते?"

"घोट्याएवढं. कधी गुडघ्याएवढं."

"मंग जोतं उंच बांधीन."

महादेवरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "घरच्या माणसायले विचारून घ्या. घाई करू नका."

"विचारलं," वच्छला म्हणाली. ते खोटं होतं, पण ते बोलताना तिला कसलीच अडचण वाटली नाही.

जागेचे पैसे वजा होऊन उरलेल्यात कागदांचा खर्च निघाला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नोंदणी झाली. फॉर्मवर 'पतीचे अथवा वडिलांचे नाव' असा रकाना होता. वडील वारून सहा वर्षं झाली होती. तिनं त्यांचं नाव लिहिलं. साक्षीदाराची सही महादेवरावांनी केली.

गोपिका आली ती त्यानंतर चार दिवसांनी. वच्छला दुपारी हॉस्टेलवर होती. चौकीदार एक मोठं खोकं उचलून वर घेऊन आला आणि त्याच्या मागे गोपिका, घामानं भिजलेली.

"महादेवभाऊनं सांगतलं मले. चांगलं केलं तू," ती म्हणाली. "माये नऊशे वापस भेटले. म्हटलं पह्यले तुयासाठी घ्यावं, नाहीतर पुन्हा कुठी जातीन." तिनं खोक्यावर हात थोपटला. "छताचा पंखा. तीनशेचा. तुया घरासाठी. एकदम मजबूत हाये, दहा वर्सं पाहा लागत नाही."

वच्छला खोक्याकडे पाहत राहिली. तिला ओरडायचं होतं की अगं, छत कुठे आहे? भिंत कुठे आहे? या पैशात विटा आल्या असत्या. तिला खोकं जिन्यावरून खाली ढकलून द्यावंसं वाटलं. गोपिका पदरानं मान पुसत, शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरीसारखी उभी होती.

"बाकीचे कुठी गेले? सहाशे?" वच्छलानं विचारलं.

गोपिका खिडकीबाहेर पाहू लागली. "थोडे उचलीत कटले. अन् गॅसचा नंबर लागला होता वं. पुन्हा कधी लागते काय माहीत."

वच्छलानं खोक्याचं एक टोक धरलं, गोपिकानं दुसरं. दोघींनी ते पलंगाखाली सरकवलं. गोपिका अर्धा तास बसली. दोघी दवाखान्यातल्या नव्या मेट्रनविषयी बोलल्या, उन्हाविषयी बोलल्या. जाताना गोपिका म्हणाली, "येत जाईन नं मी तिकडे?" वच्छला म्हणाली, "ये." ती गेल्यावर वच्छलानं पाण्याचा ग्लास विसळून पालथा घातला.

त्या दिवशी तिची ड्यूटी संध्याकाळची होती. बायकांच्या वॉर्डात, दाराजवळच्या खाटेवर रामटेककडची एक म्हातारी बाई होती. ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. तिला कोणाशी तरी बोलायचं होतं आणि तिचे नातेवाईक बाहेर वरांड्यात झोपले होते.

"बाई, तुमी कुठच्या वं?" म्हातारीनं विचारलं.

"इथलीच. नागपूरची."

"तसं नाही. राह्यता कुठी?"

तेरा वर्षं या प्रश्नाला वच्छलाचं एकच उत्तर होतं. इथंच, मागं, हॉस्टेलात. ते उत्तर ओठांपर्यंत आलं आणि थांबलं. नाल्याकाठचा तो तुकडा तिच्या डोळ्यांपुढे आला. तरवडाची झुडपं माजलेला, एका बाजूला उतरता, आणि चुन्याची रेघ पहिल्या पावसातच वाहून गेलेली.

"बेस्याले," ती म्हणाली.

"घर हाये स्वतःचं?"

"हो."

"चांगलं हाये माय. बाईमाणसाचं आपलं घर असलं का बरं असते." मग उशीवर मान वळवून तिनं विचारलं, "अन् घरात कोण कोण राह्यते?"

वच्छलानं तिचा हात हातात घेतला, बोटं मनगटावर ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"आता बोलू नको आजी," ती म्हणाली. "नाडी मोजून राहिली मी."